बाळगोळी आणि पाळणाघर

मराठी भाषेत ‘अफूची गोळी देणे’ असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याला खोट्या समाधानात गुंगवून ठेवावयाचे, त्याच्या मनातील असंतोष जागा होऊ द्यावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. सभांतून आणि अग्रलेखांतून तो वरचेवर कानी पडतो. परंतु ही गोळी एके काळी केवळ भाषेचा अलंकार नव्हती. मुंबईच्या गिरणगावात, गुजरातेत, माळव्यात आणि राजपुतान्यात ती खरोखरीची गोळी होती आणि ती ज्याच्या जिभेवर ठेवली जाई तो कोणी असंतुष्ट प्रजाजन नसून काही महिन्यांचे तान्हे मूल असे. तिला बाळगोळी म्हणत. लहान मुले व किशोर यांना मादक पदार्थांपासून कसे दूर ठेवावे, हा प्रश्न आजकाल नव्या काळाचे संकट म्हणून मांडला जातो. हिंदुस्थानात मात्र या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले प्रकरण पाळण्यापाशी सुरू होते.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाळगोळी म्हणजे बाळघुटी नव्हे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, सागरगोटा अशा जिनसांचे एकेक-दोन-दोन वळसे सहाणेवर उगाळून आजीने नातवंडाला चाटवावयाची, ती घुटी. तिच्या गुणावगुणांविषयी वैद्य आणि डॉक्टर यांचे मतभेद असतील. पण तिचा हेतू मुलाचे पोट ठीक राहावे हा होता. बाळगोळीत जायफळासारखी सुवासिक द्रव्ये असत, तथापि तिचे काम करणारे द्रव्य एकच, आणि ते म्हणजे अफू. नावे जवळजवळ सारखी, देण्याची रीत सारखी, देणारा हातही बहुधा तोच. त्यामुळे अफू घरात शिरली ती व्यसनाच्या वाटेने नव्हे, तर औषधाच्या वाटेने. हगवण, खोकला आणि दुखणे यांवर अफूचा उतार पडतो, हे खोटे नव्हतेच. दुर्गम खेड्यात, जेथे कोसाकोसांवर वैद्य नाही, तेथे हा एक आधार होता. जे औषध थोड्या मात्रेत आजारात द्यावयाचे, ते रोज निरोगी मुलाला केवळ झोपावे म्हणून दिले जाऊ लागले, येथे खरा घात झाला.

अफूची ही सुलभता आपोआप आलेली नव्हती. गंगेच्या खोऱ्यात पाटणा आणि गाझीपूर येथे सरकारच्या अफूच्या कोठ्या होत्या. खसखशीची लागवड कोणी आणि किती करावी हे सरकार ठरवी, शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देई आणि सर्व चीक ताब्यात घेई. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिकत असे व मुंबई बंदरातून बाहेर जात असे, आणि तीवर सरकारी जकात होती. १८५७ आणि १८७८ च्या कायद्यांनी या व्यवस्थेस पक्के रूप दिले. १८८० च्या सुमारास हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके उत्पन्न अफूचे होते. बहुतेक माल चीनकडे जाई. परंतु देशातही अबकारी खात्याच्या परवान्याने अफूची दुकाने चालत, आणि त्या दुकानातून पैशा-दोन पैशांची अफू घेणाऱ्या बाईला ती कोणासाठी, असे विचारण्याचे कोणास कारण नव्हते.

विलायतेत या व्यापाराविरुद्ध चळवळ करणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रचारकांत काही हिंदी माणसेही होती. पुण्याच्या सुंदरबाई पवार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन अफूविरोधी सभांतून भाषणे केली. १८९१ मध्ये सर जोसेफ पीज यांचा, अफूच्या महसुलाची पद्धत नीतीला धरून नाही अशा आशयाचा ठराव पार्लमेंटात बहुमताने निघाला. त्यानंतर १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. त्यात दरभंग्याचे महाराजा आणि जुनागढचे दिवाण राहिलेले हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद होते. आयोगाने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये कित्येक खंडांचा अहवाल दिला.

या साक्षींत लहान मुलांच्या अफूचा विषय पुनःपुन्हा येतो. पश्चिम हिंदुस्थानात आणि राजपुतान्यात मुलांना पहिली काही वर्षे अफू देण्याची चाल सर्रास आहे, असे अनेकांनी सांगितले. पुष्कळांचे म्हणणे असे की, यात काही वावगे नाही. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की मात्रा कमी करीत नेतात आणि मग ती सुटते. आयोगाच्या बहुमताचा कल या मताकडे गेला. अफू हे या देशात बहुतांशी घरगुती औषध आहे, तिचे सेवन साधारणतः संयमाने होते आणि औषधाखेरीज इतर उपयोग बंद करण्याची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. हेन्री विल्सन या एका सभासदाने भिन्नमत नोंदविले. अहवालाचा परिणाम असा झाला की, चळवळीचा जोर ओसरला आणि पुढील पंचवीस वर्षे या चालीकडे ‘परंपरागत रूढी’ म्हणून पाहिले गेले. रूढी हा शब्द राज्यकर्त्याला सोयीचा असतो. एकदा तो लावला की कारण शोधण्याची जबाबदारी संपते.

परंतु ही केवळ पौर्वात्य रूढी होती काय? त्याच शतकात खुद्द इंग्लंडात काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरणी-गावांतून ‘गॉडफ्रे कॉर्डियल’ नावाचे गोड सरबत औषधविक्याकडे मिळे. त्यात काकवी, मसाल्याची द्रव्ये आणि अफूचा अर्क असे. कामावर जाणारी आई मूल शेजारच्या म्हातारीकडे ठेवी आणि ती म्हातारी एकाच वेळी अनेक मुले सांभाळीत असल्याने सर्वांना या सरबताचा चमचा देई. फ्रीड्रिख एंगल्स यांनी इंग्लंडातील कामगारवर्गावर १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सरबताचा नामनिर्देश आहे. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लो’ या आजीबाईच्या नावाने मॉर्फिनयुक्त सरबत घरोघर खपत असे. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर त्यातील द्रव्याचे नाव छापणे भाग पडले, तेव्हा अनेक मातांना आपण मुलास काय पाजत होतो ते प्रथम कळले. मँचेस्टरच्या आईचा आणि परळच्या आईचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, रूढी वेगळ्या. समान गोष्ट एकच होती. दोघींना भोंगा वाजला की मूल सोडून जावे लागत होते.

मुंबईत पहिली कापसाची गिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी उभी करावयास घेतली आणि शतक संपण्यापूर्वी परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराड्यांचे रान उठले. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे आली. पुरुषांमागोमाग बायकाही आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरणीतील दर पाच कामगारांत एक स्त्री होती. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत बहुतेक बायकाच असत, आणि त्यांच्यावर नायकिणीची देखरेख असे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचा दिवस अकरा तासांवर आणला. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली, परंतु दिवसाचे अकरा तास तसेच राहिले. जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

१९२१ च्या सुमारास मुंबईची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. अशा खोलीत गावाकडचे दोन-चार पुरुषही जेवणापुरते किंवा झोपण्यापुरते असत. पहाटे उठून बाईने पाणी भरावयाचे, भाकऱ्या करावयाच्या, गिरणी गाठावयाची. मुलासाठी घरी सासू किंवा आई असेल तर ठीक; ती बहुधा कोकणात किंवा घाटावर, जमिनीचा तुकडा सांभाळीत राहिलेली. मग मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी ठेवावयाचे, शेजारणीला चार आणे देऊन तिच्या स्वाधीन करावयाचे किंवा सोबत गिरणीत नेऊन यंत्राच्या खडखडाटात आणि उडत्या कापसात टोपलीत झोपवावयाचे. या तिन्ही ठिकाणी मुलाने रडता कामा नये, ही पहिली अट होती. घरी परत आल्यावरही ती अट सुटत नसे, कारण त्याच खोलीत पाळी करून आलेला माणूस झोपलेला असे. बाळगोळीने ही अट पुरी केली.

ती कशी पुरी करी, हे पाहणे अवश्य आहे. अफूतील मॉर्फिन मेंदूतील वेदना आणि जागृती मंद करते, त्याचबरोबर श्वासही मंद करते. प्रौढाचे यकृत हे विष बऱ्याच वेगाने निकामी करू शकते, तान्ह्या मुलाचे यकृत तितके करू शकत नाही. म्हणून मात्रेत किंचित चूक झाली, एक गोळी आईने आणि दुसरी शेजारणीने दिली, तर मूल झोपेतच गुदमरून जाई. परंतु अशा आकस्मिक मृत्यूंपेक्षा संथ हानी मोठी होती. गुंगलेल्या मुलाला भूक लागत नाही, ते दूध मागत नाही, आणि जे मागत नाही त्याला पाजण्याची आठवण थकलेल्या आईला राहत नाही. आतडी मंदावून मलावरोध होतो. मूल वाळत जाते. मग साधा सर्दी-खोकला, साधे जुलाबही त्याला झेपत नाहीत. मृत्यूच्या नोंदीत कारण जुलाब किंवा अशक्तपणा असे लिहिले जाते, अफूचे नाव कोठेच येत नाही. आणखी एक चक्र होते. अंगवळणी पडलेली मात्रा चुकली की मूल किंचाळते, त्याला कळा येतात, जुलाब होतात. आईला वाटे की मूल आजारी आहे. गोळी दिली की ते शांत होई. गोळीने केलेला आजार गोळीनेच बरा होताना दिसे, आणि तिच्यावरचा विश्वास दृढ होई.

१९२१ मध्ये मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. त्या चाळींतून फिरल्या, गिरण्यांतून हिंडल्या. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. हा आकडा पुढे हिंदुस्थानात आणि जिनीव्यात अनेकदा उद्धृत झाला. तो नमुन्यावरून काढलेला असल्याने त्यातील अखेरचा अंक कोणी तोलून धरू नये. परंतु चाल अपवादात्मक नसून सार्वत्रिक होती, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते. त्याच १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६० च्याही वर गेले होते. याही आकड्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणासाठी गावी जात, जन्माची नोंद तेथे होई आणि मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसे. तरीही फुगवटा वजा केल्यावर जे उरते ते भयंकरच होते, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत ते सर्वांत अधिक होते.

डॉ. बार्न्स यांच्या अहवालाने प्रश्नाची जागाच बदलली. १८९५ च्या आयोगाने अफूला रूढीच्या सदरात ठेवले होते. आता ती कामाचे तास, खोलीचे क्षेत्रफळ आणि बाळंतपणाची रजा यांच्या शेजारी येऊन बसली. आईला दोष देणे सोपे होते आणि दोष देणारे पुष्कळ होते. मुलाच्या आरोग्याविषयी व्याख्याने देणाऱ्या सुशिक्षित मंडळींनी गिरणीतील बाईच्या अज्ञानावर बोट ठेवले. अज्ञान होतेच. परंतु ज्ञान झाल्यावर तिने करावयाचे काय, हा प्रश्न व्याख्यानात सुटत नव्हता. गोळी न देता मूल सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत कोठे ठेवावे, याचे उत्तर तिला हवे होते.

दरम्यान जगात अफूवर नियंत्रण आणण्याचे प्रयत्न चालू होते. १९०९ मध्ये शांघाय येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९१२ मध्ये हेग येथे करार झाला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू बंद झाली. राष्ट्रसंघाच्या विद्यमाने १९२४-२५ मध्ये जिनीव्यास परिषदा झाल्या. वैद्यकीय गरजेसाठी दर दहा हजार लोकांमागे वर्षाला सुमारे सहा शेर अफू पुरेशी आहे, असे मान राष्ट्रसंघाकडे मानले जात होते. मुंबई शहराचा खप त्या वेळी चाळीस शेरांच्या वर होता. दीनबंधु सी. एफ. अँड्र्यूज यांनी हे आकडे देशापुढे मांडले. हिंदुस्थान सरकारची भूमिका मात्र अशी की, येथील अफू हे अर्धवट औषधच आहे व तो देशाचा अंतर्गत प्रश्न आहे. पुढे जेथे खप फार आहे अशा जिल्ह्यांची चौकशी करण्याचे सरकारने मान्य केले, आणि तान्ह्या मुलांच्या अफूचा विषय तेथेही निघाल्यावाचून राहिला नाही.

आसामात प्रश्नाचे रूप निराळे होते. तेथे पाळण्यातील मुलांपेक्षा तरुणांची चिंता अधिक होती. १९२४-२५ मध्ये काँग्रेसने कुलधर चलिहा यांच्या नेतृत्वाखाली चौकशी समिती नेमली; अँड्र्यूज यांचे तिला साहाय्य होते. जुन्या व्यसनी माणसाची नोंद ठेवून त्याला हळूहळू कमी मात्रा द्यावी, परंतु नव्या पिढीतील एकही नाव त्या नोंदवहीत येऊ देऊ नये, हे तत्त्व आसामच्या चळवळीने पुढे आणले. १९३९ मध्ये गोपीनाथ बारदोलोई यांच्या मंत्रिमंडळाने अफूबंदीची मोहीम हाती घेतली. वृद्धांना बरे करणे आणि तरुणांना वाचविणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्याची वाट पाहत थांबू शकत नाही, हा आसामचा धडा होता.

मुंबईत लढ्याची दिशा कायदेमंडळाकडे वळली. सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक आणि कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. मग मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात रा. सा. आसवले यांनी विधेयक आणले. १९२८ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार सरकारने उचलला पाहिजे आणि मालकानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा संमत झाला. त्यान्वये प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे मिळावयाचे होते. सात आठवडे! आजच्या दृष्टीने ही सवड तुटपुंजी वाटते. परंतु ज्या आईला पूर्वी पंधराव्या-विसाव्या दिवशी यंत्रापुढे उभे राहावे लागे, तिच्या मुलाच्या आयुष्यातील पहिला गोळीविना महिना या आठ आण्यांनी विकत घेतला.

त्याच वर्षी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचा शाही आयोग नेमला गेला. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात या आयोगाने मुलांना अफू देण्याच्या चालीची दखल घेतली आणि जेथे पुष्कळ स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. वऱ्हाड-खानदेशातील जिनांमध्ये रुईच्या धुरळ्यात झोपणाऱ्या मुलांचाही विचार त्याने केला. मालकांपैकी काहींनी हे काम आधीच सुरू केले होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे नाव त्यांत घेतले पाहिजे. १९३४ च्या कारखाना कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्यास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि कामाचा दिवस नऊ तासांवर आला. १९६१ च्या प्रसूतिसाहाय्य कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी सुट्टी दिली.

पाळणाघराने अफूशी कशी झुंज दिली, हे सांगण्यास मोठा सिद्धान्त नको. तेथे दाई असे, स्वच्छ झोळी असे, दूध असे आणि मधल्या सुट्टीत आई येऊन पाजू शके. गुंगलेले मूल दाईच्या तत्काळ लक्षात येई. रडणारे मूल तेथे अपराधी नव्हते. रडणे ऐकून उठणे हेच दाईचे काम होते. अर्थात सर्व पाळणाघरे अशी नव्हती. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीला १९४४ ते १९४६ या काळात पुष्कळ ठिकाणी नावापुरती, अंधारी आणि ओस पडलेली पाळणाघरे आढळली. गर्दीतून, पावसातून तान्हे मूल गिरणीपर्यंत आणणे अनेक बायकांना जिवावर येई. कायद्याने खोली दिली. तिच्यात ऊब आणण्याचे काम कायद्याला एकट्याने करता येत नाही.

दुसऱ्या बाजूने पुरवठ्याचा झरा आटविण्यात आला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोगाखेरीज आरोग्यास घातक अशा मादक द्रव्यांचे सेवन बंद करण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत, दुकानांना होणारा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करीत न्यावयाचा, असे ठरले. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून, नोंदलेले व्यसनी सोडून, वैद्यकीय कारणाखेरीज अफूची विक्री देशात बंद झाली. मुलास मद्य किंवा घातक मादक द्रव्य देणे हा १९६० च्या बाल अधिनियमाने गुन्हा ठरला. १९८५ मध्ये अफूचे जुने कायदे रद्द होऊन अंमली द्रव्यांचा नवा कायदा आला. तो अंमलात आला तो दिवस १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिन होता.

इतिहास येथे थांबला असता तर त्याला सुखान्त म्हणता आले असते. परंतु त्यात एक कडवट वळण आहे. रात्रपाळीस मनाई, प्रसूतीचा खर्च, पाळणाघराचा खर्च अशी बंधने येऊ लागली, तसतशी गिरण्यांनी बायका घेणे कमी केले. १९३० च्या सुमारास पाचांत एक असणारी स्त्री १९६० च्या दशकात दहांतही एक उरली नाही. अन्य कारणेही होती, यंत्रे बदलली, वेतनाचे दर बदलले. तरीही खरे हे की, ज्या बाईसाठी पाळणाघर बांधले ती पाळणाघराच्या फाटकाबाहेर गेली. ती वीटभट्टीवर गेली, खडी फोडावयास गेली, इमारतींच्या पराच्या खाली पाटी वाहू लागली. तेथे ना कायदा पोहोचला होता, ना दाई. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची मुले मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले आणि त्यातून फिरत्या पाळणाघरांची संस्था उभी राहिली. पुढे ती मुंबईतही आली. चाळीस वर्षांपूर्वी गिरणीच्या दारी जे सिद्ध झाले होते, ते पुन्हा एकदा बांधकामाच्या दारी सिद्ध करावे लागले.

पाळण्यातील मुलाची गोष्ट येथे संपते, किशोराची संपत नाही. २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हुंगण्याची द्रव्ये, म्हणजे चिकटविण्याचा डिंक, रंग पातळ करण्याचे द्रव, खाडाखोडीचे पांढरे द्रव, हा मादक पदार्थांचा एकच प्रकार असा आढळला की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक आहे. प्रौढांत शेकडा ०.५८, मुलांत व किशोरांत शेकडा १.१७. सुमारे ४.६ लाख मुलांना या व्यसनातून सुटण्यासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. ही द्रव्ये बाळगोळीसारखीच स्वस्त आणि सुलभ. तिच्यासारखीच दुसऱ्या, निरुपद्रवी नावाने दुकानात मिळणारी. फलाटावर, पुलाखाली राहणारी मुले भूक, थंडी आणि एकटेपणा विसरण्यासाठी ती हुंगतात. १९२१ मध्ये मोठ्यांनी मुलाची भूक गोळीने निजविली. येथे मुलाला आपली भूक आपणच निजवावी लागते, एवढा फरक.

२०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला अंमली द्रव्य किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे, आणि १९९२ मध्ये भारताने मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३३ वा अनुच्छेद याच विषयाला वाहिलेला आहे. ही शस्त्रे आवश्यकच आहेत. पुरवठा तोडल्याशिवाय कोणतीही लढाई जिंकली जात नाही, हे १९५९ ने दाखविले. परंतु बाळगोळीचा इतिहास त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगतो. अफू दुकानातून जाण्यापूर्वी ती ज्या मुलांच्या आयुष्यातून गेली, ती मुले कोणाच्या तरी जाग्या नजरेखाली आली होती. आठ आण्यांची रजा, पाजण्यासाठी मिळालेली पंधरा मिनिटे, दाईची मांडी, अशा लहानसहान गोष्टींनी ते घडले.

परळची ती आई निर्दय नव्हती. तिच्यापाशी वेळ नव्हता, जागा नव्हती आणि रडणाऱ्या मुलाला घेणारा दुसरा हात नव्हता. यांपैकी जे जे समाजाने तिला दिले, त्या त्या मापाने गोळी मागे हटली. आज किशोरांच्या व्यसनाविषयी जे नियम होतील आणि ज्या मोहिमा निघतील, त्यांची परीक्षा याच मापाने व्हावयाची आहे. मूल रडते तेव्हा ते काही मागत असते. त्याला गप्प करण्याचे उपाय प्रत्येक काळात स्वस्त मिळतात. त्याचे मागणे ऐकण्याचा उपाय तेवढा महाग असतो, आणि तो सर्वांनी मिळून परवडवून घ्यावा लागतो.